शिडाच्या जहाजावरची प्रेमकथा लिहायची असेल तर

शिंप्याची टेप घ्या आणि १४ इंच मोजा. दोनशे वर्षांपूर्वी ब्रिटिश आरमारातल्या खलाशाला झोपायला एवढीच रुंदी मिळायची. वरच्या तुळयांना कापडी झोळ्या टांगलेल्या, एकीला एक चिकटून. निम्मे लोक पहाऱ्यावर गेले की शेजारची झोळी रिकामी व्हायची, म्हणून २८ इंच. बंदरात सगळे एकदम झोपले की पुन्हा १४. मी आमच्या दिवाणावर खडूने तेवढ्या अंतरावर दोन रेघा मारून त्यात झोपून पाहिलं आहे. कूस बदलता येत नाही. अशा ठिकाणी दोन माणसांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि ते सांगायचं आहे. कुठे सांगतील?

शिडाच्या जहाजांच्या कादंबऱ्यांवर फॅनफिक, म्हणजे दुसऱ्याची पात्रं घेऊन वाचकाने रचलेल्या कथा, लिहायचं, आणि तेही प्रेमाचं, तर माझ्या मते सुरुवात इथून करावी. चांदणं, निळे डोळे, वाऱ्यावर उडणारे केस हे नंतर. आधी जागा मोजा. जहाजावर दार नसतं. दार नसल्यामुळे माणसांना जे जे करावं लागतं, त्यातच या कथांमधलं सगळं प्रेम आहे.

मी सात वर्षं अशा कथा लिहिते आहे, मराठीत. माझं माहेर ठाण्याचं, चेंदणी कोळीवाड्यातलं. आजोबांची होडी होती, खाडीत जायची. आता मी कळव्याला राहते आणि बेलापूरला एका ऑफिसात कामाला आहे, जिथून व्यापारी जहाजांवर माणसं पाठवली जातात. कोण कुठल्या बंदरात चढणार, कोण उतरणार, त्याचे कागद मी तयार करते. एकोणीस वर्षं झाली. एका सेकंड ऑफिसरने जाताना माझ्या टेबलावर एक पुस्तक ठेवलं, ‘परत येईन तेव्हा घेईन’ म्हणाला. तो नऊ महिन्यांनी परत आला तोवर मी त्या मालिकेतली पुढची सहा पुस्तकं मिळवून वाचली होती.

ती मालिका पॅट्रिक ओब्रायन यांची. पहिली कादंबरी १९६९ ची, आणि १९९९ पर्यंत पूर्ण झालेल्या एकूण २०. कप्तान जॅक ऑब्री आणि त्याच्या जहाजावरचा डॉक्टर स्टीफन मॅट्युरिन हे दोघे त्यात पहिल्या पानापासून आहेत. १ एप्रिल १८०० रोजी मिनोर्का बेटावरच्या एका संगीताच्या मैफलीत ते शेजारी-शेजारी बसतात आणि भांडतात. कप्तान मांडीवर ताल देतोय आणि तो चुकतोय, म्हणून डॉक्टर त्याला कोपर मारतो. ज्या प्रेमाची सुरुवात चुकलेल्या तालाने होते त्यावर लिहायला कोणाला आवडणार नाही? मी याच दोघांवर लिहिते. तुम्हाला फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतला आरमारी अधिकारी हॉर्नब्लोअर जवळचा असेल तर पुढचं बरंचसं तुम्हालाही लागू पडेल. फरक एवढाच की तो एकटा माणूस आहे, मनातलं स्वतःशीसुद्धा कबूल न करणारा. त्याच्या कथेत बोलायला जागा मिळाली तरी तो बोलेलच असं नाही. तिथे तुमचं काम जास्त अवघड.

आता जहाज. या दोघांचं सगळ्यात लाडकं जहाज म्हणजे ‘सरप्राइज’ ही फ्रिगेट, मध्यम आकाराचं वेगवान लढाऊ जहाज. ती खरोखर होती. फ्रेंचांनी १७९४ मध्ये बांधलेली, इंग्रजांनी १७९६ मध्ये पकडलेली, तोफांच्या मजल्यावर लांबी १२६ फूट. म्हणजे आपल्या लोकलचे जेमतेम दोन डबे. त्यात सुमारे दोनशे माणसं, महिनोन्‌महिने, तोफा आणि कोंबड्या-बकऱ्यांसकट. ठाण्याहून पनवेल गाडीने जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. गर्दीत माणसं आपापली खोली कशी तयार करतात हे तुम्ही रोज बघता. दोघी दाराजवळ उभ्या राहून बाहेर बघत बोलतात, चेहरा एकमेकींकडे न वळवता. कोणी एकाच इअरफोनची दोन टोकं वाटून घेतं. ते सगळं टिपून ठेवा. तुमचा कप्तान आणि डॉक्टर सुद्धा कठड्याशी उभे राहून दूर पाण्याकडे बघतच बोलणार आहेत.

कप्तानाला स्वतःची केबिन असते, मग तिथे का नाही, असं नवीन लिहिणाऱ्याला वाटतं. मलाही वाटलं होतं. पण त्या केबिनमध्येच तोफा असतात, शेजारी बसून जेवण्याइतक्या जवळ. आणि तिच्या भिंती म्हणजे पातळ फळ्या. लढाईची तयारी करा असा हुकूम सुटला की सुतार येऊन काही मिनिटांत त्या काढतो, टेबल-खुर्च्या तळाशी जातात आणि केबिनच्या जागी नुसता मोकळा मजला उरतो, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कालपर्यंत ज्या भिंतीआड दोघे बसत होते ती भिंत उचलून नेताना बघण्याचा प्रसंग एकदा तरी लिहून बघा. माझ्या एका कथेत एवढंच आहे. सुतार फळी काढतो, तिच्या मागच्या खिळ्याला डॉक्टरचा कोट अडकलेला असतो, आणि दोनशे माणसांना तो कप्तानाच्या बाजूला दिसतो. कोणी काही बोलत नाही. कप्तान तो काढून सुताराच्या हातात देतो, ‘खाली डॉक्टरांकडे’ म्हणतो आणि तोफांकडे वळतो.

मग ते बोलतात कुठे? याचं उत्तर कादंबऱ्यांतच आहे आणि ते मला सापडायला दोन वर्षं लागली. कप्तान व्हायोलिन वाजवतो, डॉक्टर चेलो. रात्री केबिनमध्ये बसून दोघे वाजवतात, खानसामा किलिक बाहेर कुरकुरत कॉफी आणि भाजलेलं चीज तयार करत असतो. बाहेरच्या प्रत्येकाला त्यांचं वाजवणं ऐकू येतं. म्हणजेच वाजवणं थांबलं की तेही बाहेर कळतं. एकदम शांतता झाली की किलिकचा कान फळीला लागणार. म्हणून एकाने वाजवत राहायचं आणि दुसऱ्याने बोलायचं. कप्तान एकटा वाजवतोय, एकट्या व्हायोलिनसाठी न लिहिलेली रचना, तिच्यातली चेलोची जागा रिकामी सोडत. आणि त्या रिकाम्या जागेत डॉक्टर दोन-दोन वाक्यं बोलतोय. उत्तर द्यायचं तर वाद्यं बदलायची पाळी. मी हा प्रसंग चार वेळा वेगवेगळ्या कथांत लिहिला आहे आणि अजून पुरेसा झालेला नाही. तुम्हीही घ्या, तो माझ्या मालकीचा नाही.

जागेनंतर वेळ. जहाजावर घड्याळापेक्षा घंटा चालते. अर्ध्या तासाची वाळूची घडी रिकामी झाली की एक टोल, पुढच्या अर्ध्या तासाला दोन, असे आठ टोल झाले की चार तासांचा पहारा बदलतो. फक्त संध्याकाळी चार ते आठचा पहारा दोन-दोन तासांत मोडलेला, म्हणजे रोज त्याच माणसांच्या वाट्याला तीच रात्र येत नाही. हे पाठ करा. तुमच्या प्रसंगाला आपोआप मुदत मिळते. ‘ते बराच वेळ बोलत राहिले’ असं लिहिण्याची वेळच येणार नाही. ‘सहा टोल पडले तेव्हा त्याने विचारलं आणि सात पडले तरी उत्तर आलं नव्हतं’, असं लिहिता येतं. अर्धा तास गप्प बसलेला माणूस वाचकाला लगेच कळतो.

आता ज्या गोष्टीसाठी या कथा मराठीतच लिहाव्यात असं मला वाटतं, ती. इंग्रजीत समोरच्याला एकच सर्वनाम. कप्तान राजालाही तेच म्हणणार आणि केबिनमधल्या पोऱ्यालाही. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, आपण आहे. मूळ कादंबरीत जी जवळीक नावाच्या उच्चारातून किंवा ‘माझ्या मित्रा’सारख्या संबोधनातून दाखवावी लागते, ती मराठीत एका क्रियापदाच्या शेवटात येते. हे केवढं मोठं हत्यार आहे! आणि म्हणूनच ते जपून काढायचं. माझा नियम असा: डेकवर, चारचौघांत, दोघेही ‘तुम्ही’. कप्तान हाक मारतो ‘डॉक्टर’, डॉक्टर हाक मारतो ‘कप्तान’. केबिनमध्येही ‘तुम्ही’च, पण हाक नावाने. ‘तू’ संपूर्ण कथेत एकदाच येतं, आणि ते कोणाच्या तोंडून आधी येतं हे लिहायला बसण्यापूर्वी ठरवायचं. समजा डॉक्टर कप्तानाच्या दंडातला लाकडाचा कपचा काढतोय:

‘हात वर करा. अजून थोडा. दुखतंय का?’
‘नाही.’
‘खोटं बोलू नकोस.’

एवढंच. त्या ‘नकोस’नंतर पुढचं वाक्य लिहायची घाई करू नका. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंतरचा प्रसंग: दोघे वर डेकवर येतात, लेफ्टनंट समोर उभा आहे, आणि कप्तान म्हणतो, ‘डॉक्टर, तुम्ही बोटीतून येणार का?’ वाचकाच्या पोटात खड्डा पडतो तो ‘तू’ने नव्हे, या परत आलेल्या ‘तुम्ही’ने. इंग्रजीत हे लिहिताच येणार नाही.

कप्तानाची बायको सोफी नवऱ्याला काय म्हणेल यावर मी बराच विचार केला. ‘अहो’ लिहिलं की माझ्या डोळ्यांपुढे तिला लगेच नऊवारी नेसवली जाते, म्हणून ते नाही. पत्रात ती नावाने हाक मारते आणि ‘तुम्ही’ म्हणते. तो तिला ‘तू’ म्हणतो. साधे खलाशी कप्तानाला ‘साहेब’ म्हणतात, आपापसांत अरे-तुरे. डॉक्टरला मात्र ते थोड्या लाडाने बोलतात, कारण तो सदानकदा पाण्यात पडतो आणि त्याला सुक्यावर काढणं ही जणू सगळ्या जहाजाची जबाबदारी आहे.

तो पाण्यात पडतो हे कादंबऱ्यांतलंच आहे. इतक्या वर्षांत डॉक्टरला बोटीतून जहाजावर नीट चढता येत नाही. बोट आणि जहाज दोन्ही लाटेवर हलत असतात, क्षण साधावा लागतो, आणि तो क्षण त्याला कधी साधत नाही. माझी पहिली कथा मी यावर लिहिली तेव्हा कप्तानाने त्याला मिठीत झेललं होतं, दोन पानं भरून. आता लिहिते ते असं: डॉक्टरची बोट जहाजाला लागली की कप्तान जे काही बोलत असेल ते अर्ध्यावर थांबतं. तो तिकडे बघतही नाही. डॉक्टरचे दोन्ही पाय डेकवर टेकल्याचा आवाज आला की वाक्य पुढे सुरू होतं. लेफ्टनंटांना याची इतकी सवय झालेली की तेही मध्येच थांबतात. या जगातलं प्रेम कामातून दाखवा. दोर कोणी तपासला, कॉफी कोणासाठी राखून ठेवली, तोफांच्या आवाजाने कमी ऐकू येणाऱ्या कानाच्या दुसऱ्या बाजूला येऊन कोण बसतं.

कामाचे नियमही माहीत करून घ्या, कारण नियमच प्रसंग देतात. लढाईत जखमी झालेल्यांना खाली पाण्याच्या पातळीखालच्या मजल्यावर डॉक्टरकडे नेत. दिव्याचा उजेड, पेट्या जोडून केलेलं टेबल. आणि रीत अशी की जो आधी आला त्याचा नंबर आधी, हुद्दा बघायचा नाही. १७९८ च्या नाईलच्या लढाईत खुद्द ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनने कपाळाला जखम झालेली असताना आपली पाळी येईपर्यंत थांबतो असं सांगितल्याची हकीकत आहे. यावरून कथा सुचायला किती वेळ लागतो? कप्तानाला खाली आणतात. त्याच्या आधी तिघे आहेत. डॉक्टर वर बघतो, कप्तानाला बघतो, आणि पहिल्या खलाशाकडे वळतो. त्याचा हात थरथरला असं कृपा करून लिहू नका. तो अजिबात थरथरत नाही. तिघांचे टाके तो नेहमीइतकेच बारीक घालतो, एकही घाईचा नाही, आणि कप्तान भिंतीला टेकून ते टाके मोजत बसतो.

जोडीतल्या दोन पुरुषांबद्दल लिहिणार असाल तर कायदाही लक्षात असू दे. आरमाराच्या १७४९ च्या युद्धसंहितेतलं २९ वं कलम पुरुषांमधल्या शरीरसंबंधाला मृत्युदंड सांगत होतं, आणि ते नुसतं कागदावर नव्हतं. १८१६ मध्ये ‘आफ्रिकेन’ या जहाजावरच्या चौघांना यासाठी फाशी दिलं गेलं. त्यामुळे चोरून भेटणं ही तुमच्या कथेत गंमत म्हणून येऊ देऊ नका. जो कप्तान डेकवर उभा राहून खलाशांना हीच कलमं वाचून दाखवतो (ती ठरावीक काळाने सगळ्यांसमोर वाचावीच लागत), त्याच्या तोंडी २९ वं कलम येतं तेव्हा डॉक्टर कुठे उभा असतो? मी त्याला पहिल्या रांगेत उभा केला. तो नेहमी उशिरा येणारा माणूस, त्या दिवशी वेळेवर आला होता.

आणि बायकोला मारू नका. हे मी हात जोडून सांगते. अशा कित्येक कथांत दोघांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून सोफीला पहिल्या पानावर ताप येतो आणि दुसऱ्या पानावर ती गेलेली असते. माझ्या ऑफिसात रोज ज्यांचे फोन येतात त्या अशाच बायका आहेत. ‘मॅडम, रिलीव्हर मिळाला का?’ एवढं विचारायला, म्हणजे नवऱ्याच्या जागी चढणारा बदली माणूस. २०२० मध्ये बंदरं बंद झाली आणि सहा-सहा महिन्यांच्या करारावर गेलेली माणसं वर्षभर जहाजावरच अडकली, तेव्हा एका मोटरमनची (जहाजाच्या इंजिनावर काम करणाऱ्याची) बायको रोज सकाळी साडेदहाला फोन करायची. माझ्याकडे सांगायला नवीन काही नसायचं हे तिलाही ठाऊक होतं. ती म्हणायची, ‘असू द्या, तुमचा आवाज ऐकला की वाटतं कुणीतरी यादीत त्याचं नाव बघतंय.’ त्यानंतर मी सोफीला कधी बाजूला सारू शकले नाही. तिला कथेत ठेवा, पूर्ण माणूस म्हणून. तिला काय माहीत आहे, तिने काय न विचारायचं ठरवलं आहे, हे लिहा. कथा अवघड होईल. होऊ द्या.

तिला लिहायचं तर पत्रं लिहावी लागतात, आणि पत्रांसारखी गोष्ट नाही. मुंबईहून इंग्लंडला आफ्रिकेला वळसा घालून पत्र जायला चार-पाच महिने, कधी सहा. उत्तर हातात येईतो वर्ष. प्रश्न विचारणारा माणूस तोवर बदललेला असतो. पत्रं उलटसुलट क्रमाने पोचत म्हणून लोक त्यांवर क्रमांक घालत. टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्यावर पडायचा आणि कागद वाढला की दर वाढायचा, म्हणून पान भरलं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवर काटकोनात पुढचं लिहीत. नवव्या पत्रात ती त्याला माफ करते आणि सातवं पत्र, ज्यात ती चिडली आहे, ते नंतर पोचतं. किंवा आडव्या ओळींत घरखर्च, मुलांचे दात, छपराची गळती. आणि त्यांच्यावरून उभ्या लिहिलेल्या ओळींत जे खरं सांगायचं ते. वाचायला पान फिरवावं लागतं. कप्तान फिरवतो का?

शब्दांचं थोडं. आपल्याकडे समुद्राचे शब्द भरपूर आहेत आणि ते वापरावेत: शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर, शीड ज्या आडव्या काठीला बांधतात ती परबाण, पुढचं टोक ते नाळ, रात्री-पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा वारा तो मतलई. यातले काही आजोबांकडून ऐकले होते, काही मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात सापडले. तो १८३१ चा, म्हणजे आपल्या कथांच्या काळाला लागूनच. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात, १८९३ पासूनच्या त्या संस्थेत, शनिवारी दुपारी मी तो घेऊन बसते. पण आपल्या गलबतांची शिडं वेगळी, फ्रिगेटची वेगळी. एका डोलकाठीवर एकावर एक तीन-चार चौकोनी शिडं आपल्या गलबतांना नव्हती, म्हणून त्यांची नावं सहज सापडत नाहीत. तिथे संस्कृत शब्द घडवू नका. ‘सगळ्यात वरचं शीड’ म्हटलं की कळतं. फ्रिगेटला फ्रिगेटच म्हणा, गलबत म्हणू नका, कारण गलबत म्हटलं की वाचकाला आंग्र्यांचं आरमार दिसायला लागतं आणि ती वेगळी कथा आहे. (तीही कोणीतरी लिहायला हवी.)

कथा कुठे घडवावी? मूळ पुस्तकातली फट शोधा. मालिकेतल्या तिसऱ्या कादंबरीत, जी १९७३ ची, ‘सरप्राइज’ मुंबईला येते. दुरुस्तीसाठी गोदीत लागते आणि डॉक्टर शहरात भटकत राहतो. त्याची दिल नावाच्या लहान मुलीशी ओळख होते. तो तिला चांदीच्या बांगड्या देतो आणि त्या बांगड्यांपायीच तिचा जीव जातो. तिचा अंत्यविधी डॉक्टर करतो. ते पान वाचून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलले नाही. आपल्या समुद्राच्या काठावर, आपल्याच एका मुलीची चिता. त्या रात्री तो जहाजावर परतला तेव्हा कप्तानाने काय केलं असेल, या प्रश्नातून माझी सगळ्यात लांब कथा निघाली. कप्तान काहीच विचारत नाही. चूल पेटवलेली असते, किलिकला झोपायला पाठवलेलं असतं, आणि कप्तान स्वतः पाणी गरम करतो, डॉक्टरच्या हातांची राख धुवायला.

मुंबई निवडलीत तर गोदी विसरू नका. जहाजं बांधणाऱ्या वाडिया या पारशी घराण्याची माणसं तिथे मलबारच्या सागवानातून जहाजं बांधत होती. १८१० मध्ये पाण्यात उतरलेली ७४ तोफांची ‘मिंडेन’ त्यांची. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ फ्रिगेट तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. गोदीत लागलेलं जहाज प्रेमकथेला फार उपयोगी, कारण खलाशी बाहेर, मजले रिकामे, आणि पहिल्यांदाच सगळीकडे जागा. इतके महिने हवी असलेली जागा मिळते तेव्हा दोघांना तिचं काय करावं हेच कळत नाही.

ठाण्यात घडवलेल्या कथेत मी एक मोठी चूक केली होती, ती सांगते. आपला डॉक्टर पक्षी आणि प्राण्यांचा अभ्यासक. त्याला मी खाडीवर आणलं आणि पुढ्यात हजारो फ्लेमिंगो ठेवले, सगळी खाडी गुलाबी. ऐरोलीच्या बाजूने आपण बघतो तशी. कथा पुरी झाल्यावर कळलं की ठाण्याच्या खाडीत ते एवढ्या संख्येने यायला लागले १९९० च्या दशकापासून. अकरा पानं गेली. मला त्याचं फार वाईट वाटलं, पण त्यांच्या जागी जे आलं ते त्याहून चांगलं निघालं. लहानपणी आजोबा चिखलातून निवटे पकडून आणायचे. पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत चालणारा, डोळे डोक्यावर असलेला तो मासा. डॉक्टरने असा मासा बघितला तर तो बूट काढून चिखलात उतरणारच! आणि कप्तान, ज्याला चिखलाचं काही घेणं नाही, तो त्याची टोपी उलटी धरून मागे उभा राहणार, निवटे ठेवायला.

ठाणं ज्यावर आहे ते साष्टी बेट तेव्हा इंग्रजांकडे होतं. ठाण्याचा किल्ला त्यांनी १७७४ च्या डिसेंबरात घेतला होता. आज तिथे तुरुंग आहे. भरतीबरोबर होडीतून मुंबईहून खाडीने वर यायचं, हा जुना रस्ता. आणि भरती चुकली की होडी चिखलात बसते, पुढची भरती येईपर्यंत, चांगले पाच-सहा तास. तिथे मला हवं ते सापडलं: वर आभाळ, चहूकडे चिखल, जहाजावरच्या चारशे कानांपैकी एकही नाही. फक्त एक होडीवाला, आमच्या चेंदणीचा, ज्याला इंग्रजीचा एक शब्द येत नाही. तो दोघांकडे एकदा बघतो, चिलीम काढतो आणि त्यांच्याकडे पाठ करून बसतो. पाणी यायला लागतं तेव्हा खोकतो.

लढाईवर जास्त पानं घालवू नका. एक पुरते. धूर इतका असतो की कोणाला काही दिसत नाही, तुमच्या पात्रांनाही दिसू नये. दोघांच्या शरीराच्या जवळिकीबद्दल किती लिहायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मात्र कथा फक्त सज्ञान वाचकांसाठी आहे की नाही ते कथेच्या डोक्यावर स्पष्ट लिहा. तिथेच हेही लिहा की पात्रं मूळ लेखकाची आहेत. ओब्रायन २००० मध्ये गेले, त्यांचे हक्क अजून शाबूत आहेत. कथा विकायची नाही. ही पात्रं आपल्याला उसनी मिळाली आहेत.

लिहून झालं की मोठ्याने वाचा, आणि एकटीने नको. माझी एक मैत्रीण ऐरोलीला चढते. तिने यातली एकही कादंबरी वाचलेली नाही आणि तिला जहाज लागतं. सकाळच्या गाडीत मी तिला ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत वाचून दाखवते, हळू आवाजात, तोंड तिच्या कानाशी. मागच्या आठवड्यात पत्राचा प्रसंग होता, सोफीचं सातवं पत्र नवव्यानंतर पोचतं तो. घणसोली गेलं होतं. तिने माझ्या हातावर हात ठेवून थांबवलं. ‘म्हणजे तिने रागावून लिहिलेलं हे आधीचं, पण याला मिळतंय आता. मग हा पत्रावरचा नंबर आधी बघतो की पत्र आधी फोडतो?’

मी लिहिलं होतं, तो फोडतो. कोपरखैरणे येईपर्यंत आम्ही दोघी त्यावर बोललो. संध्याकाळी परतताना मला बसायला जागा मिळाली, तेव्हा मी ते वाक्य खोडलं. आता तो नंबर बघतो, पत्र तसंच ठेवतो, डेकवर जाऊन जहाज कुठे आहे ते काढायला दुपारची सूर्याची उंची घेतो, आकडेमोड करतो, ती चुकते, पुन्हा करतो. मग खाली येतो आणि डॉक्टरला म्हणतो, ‘हे तू वाच.’